अमेरिकेतलं टॅक्स रिटर्न: नवरा-बायकोने एकत्र भरायचं की वेगळं?

भारतात नवरा-बायकोचा संसार कितीही एक असला तरी आयकर खात्याच्या लेखी ते दोन स्वतंत्र करदाते असतात. दोघांचे पॅन वेगळे, विवरणपत्रं वेगळी. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर फॉर्म १०४० च्या पहिल्या पानावर ‘फायलिंग स्टेटस’ विचारलं जातं, तेव्हा आपल्याकडची बहुतेक जोडपी सॉफ्टवेअर जे सुचवेल त्यावर खूण करून पुढे जातात. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण टॅक्सचे स्लॅब, मिळणारी वजावट, मुलांचं क्रेडिट, जोडीदाराचं भारतातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये येणार की नाही, आणि एकाच्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्यावर बसणार की नाही, हे सगळं त्या एका चौकोनावर ठरतं.

माझं मत आधीच सांगते. बहुसंख्य मराठी जोडप्यांसाठी जॉइंट रिटर्नच स्वस्त पडतं. पण ते दोघांनी मिळून, आकडे मांडून आणि भारतातला सगळा पसारा समोर ठेवून ठरवावं. ज्याच्या हातात लॅपटॉप आहे त्याने एकट्याने ठरवू नये.

खालचे आकडे २०२५ या कर वर्षाचे, म्हणजे १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायच्या फेडरल रिटर्नचे आहेत. ते दरवर्षी थोडे बदलतात, विचार करण्याची पद्धत मात्र तीच राहते.

पहिली पायरी: ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं होतं का?

आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, वर्षाचा फक्त शेवटचा दिवस पाहते. २८ डिसेंबरला पुण्यात लग्न झालं असेल तर त्या अख्ख्या वर्षासाठी तुम्ही विवाहित आहात आणि ‘सिंगल’ हा पर्याय तुम्हाला उरत नाही. उलट ३० डिसेंबरला घटस्फोटाचा अंतिम हुकूम निघाला, तर वर्षातले ३६४ दिवस विवाहित असूनही तुम्ही अविवाहित धरले जाता. नुसतं वेगळं राहणं, वकिलाची नोटीस किंवा कोर्टात पडून असलेला अर्ज याने स्टेटस बदलत नाही.

आपल्याकडे एक गोंधळ नेहमी होतो. व्हिसाच्या घाईत आधी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोंदणी कार्यालयात लग्न होतं आणि मांडवातलं लग्न पाच-सहा महिन्यांनी, मुहूर्त आणि सुट्ट्या जुळल्यावर. घरचे लोक मांडवातली तारीख खरी मानतात, टॅक्ससाठी मात्र नोंदणी कार्यालयातल्या तारखेपासून तुम्ही विवाहित आहात. याच्या उलट, डिसेंबरमध्ये विधिवत सप्तपदी झाली आणि प्रमाणपत्र फेब्रुवारीत हातात पडलं, तर लग्न डिसेंबरचंच. हिंदू विवाह कायद्यात नोंदणी हा पुरावा आहे, नोंदणी राहिली म्हणून लग्न अवैध ठरत नाही. साखरपुडा मात्र कुठेच मोजला जात नाही.

दुसरी पायरी: दोघांपैकी रेसिडेंट कोण?

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि सर्वांत महाग पडते. इमिग्रेशनचा रेसिडेंट आणि टॅक्सचा रेसिडेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रीन कार्ड नसलेला, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरचा माणूस टॅक्ससाठी सहज रेसिडेंट असू शकतो.

कसोटी दिवसांची आहे. चालू वर्षात किमान ३१ दिवस अमेरिकेत असायला हवं. शिवाय या वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाच्या दिवसांचा एक-तृतीयांश आणि त्याच्या मागच्या वर्षाच्या दिवसांचा एक-षष्ठांश मिळून १८३ भरायला हवेत. एच-वन-बी आणि एच-फोर (त्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा) व्हिसावरचे दिवस पहिल्या दिवसापासून मोजले जातात. एफ-वन विद्यार्थ्याचे दिवस मात्र साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजले जात नाहीत.

दोघंही पूर्ण वर्ष रेसिडेंट असतील तर प्रश्न सोपा आहे, तिसऱ्या पायरीवर जा. एकजण जरी वर्षात कधीही नॉनरेसिडेंट असेल तर सरळसरळ जॉइंट रिटर्न भरता येत नाही. त्यासाठी दोघांनी मिळून एक निवड करावी लागते, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

तिसरी पायरी: तुमच्यापुढे खरोखर कोणते पर्याय आहेत?

विवाहितांसाठी मुख्य दोनच: मॅरिड फायलिंग जॉइंटली आणि मॅरिड फायलिंग सेपरेटली. पहिल्यात दोघांचं उत्पन्न एका रिटर्नमध्ये येतं आणि स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) ३१,५०० डॉलर मिळतं. दुसऱ्यात प्रत्येकाचं रिटर्न वेगळं आणि प्रत्येकाला १५,७५० डॉलर.

तिसरा पर्याय ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’. त्याचं स्टँडर्ड डिडक्शन २३,६२५ डॉलर असल्यामुळे त्याचा मोह अनेकांना होतो. विवाहित माणसाला तो मिळायचा तर वर्षाचे शेवटचे सहा महिने जोडीदार घरात राहत नसायला हवा, घरखर्चाचा अर्ध्याहून जास्त वाटा तुम्ही उचललेला असावा आणि तुमचं मूल अर्ध्याहून जास्त वर्ष त्या घरात राहिलेलं असावं. जोडीदार नॉनरेसिडेंट असेल आणि तुम्ही त्याला रेसिडेंट धरण्याची निवड केली नसेल, तर या स्टेटसपुरतं तुम्हाला अविवाहित मानलं जाऊ शकतं. पण पात्र ठरणारी दुसरी व्यक्ती लागतेच. बायको पुण्यात आणि नवरा एकटा न्यू जर्सीत, यावर हेड ऑफ हाउसहोल्ड मिळत नाही. भारतात राहणारे आई-वडील दाखवूनही मिळत नाही, कारण डिपेंडंट हा अमेरिकेचा नागरिक किंवा रेसिडेंट असावा लागतो (कॅनडा आणि मेक्सिकोच्या रहिवाशांना सूट आहे, भारताच्या नाही). तुम्ही दरमहा घरी पैसे पाठवता हे खरं असलं तरी या नियमात त्याला जागा नाही.

जोडीदाराचं निधन झालं असेल तर त्या वर्षाचं रिटर्न जॉइंट भरता येतं, आणि घरात डिपेंडंट मूल असेल तर पुढची दोन वर्षं जॉइंटचेच स्लॅब लागू राहतात. दुःखाच्या काळात हे सांगायला कोणी नसतं, म्हणून आवर्जून लिहिते आहे.

चौथी पायरी: दोन्ही प्रकारे हिशेब मांडा

एकच कमावतो, त्याचा पगार १,३०,००० डॉलर, जोडीदार एच-फोरवर घरी. जॉइंट भरलं तर ३१,५०० वजा जाऊन ९८,५०० डॉलर करपात्र राहतात. पहिल्या २३,८५० वर १० टक्के, त्यापुढे ९६,९५० पर्यंत १२ टक्के आणि उरलेल्या १,५५० वर २२ टक्के, म्हणजे एकूण टॅक्स ११,४९८ डॉलर. त्याच माणसाने सेपरेट भरलं तर १,१४,२५० डॉलर करपात्र राहतात आणि त्याचे स्लॅब निम्म्यावरच संपतात: १० टक्के ११,९२५ पर्यंत, १२ टक्के ४८,४७५ पर्यंत, २२ टक्के १,०३,३५० पर्यंत, त्यावर २४ टक्के. टॅक्स २०,२६७ डॉलर. फरक ८,७६९ डॉलरचा.

आता दोघंही कमावते आणि पगार सारखेच, प्रत्येकी १,१०,००० डॉलर. जॉइंटचा टॅक्स येतो ३१,२९८. सेपरेटचा प्रत्येकी १५,६४९, दोघांचा मिळून पुन्हा ३१,२९८. एका डॉलरचाही फरक नाही. उत्पन्नात जितकी तफावत जास्त, तितका जॉइंटचा फायदा जास्त. पगार सारखे असतील तर स्लॅबमधून काही मिळत नाही, तिथे निकाल पाचव्या पायरीवर लागतो.

जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारांनी हिशेब करून दाखवतं. सबमिट करण्याआधी दोन्ही आकडे कागदावर उतरवून घ्या. स्टेट रिटर्नचाही हिशेब त्यात धरा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत फेडरलला जे स्टेटस तेच सहसा स्टेटला लागतं, त्यामुळे फेडरलमध्ये वाचलेले पैसे स्टेटमध्ये जात नाहीत ना, हे पाहावं लागतं.

पाचवी पायरी: सेपरेट भरल्यावर काय काय हातचं जातं

स्लॅबमध्ये फरक नसला तरी सेपरेट भरणाऱ्याला अनेक दारं बंद होतात. कॉलेज शिक्षणाची दोन्ही क्रेडिट मिळत नाहीत आणि स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावटही नाही. डे-केअरच्या खर्चाचं क्रेडिट एकत्र राहणाऱ्या जोडप्याला मिळत नाही. शेअरमधला तोटा पगारातून वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत वजा करता येतो, तो प्रत्येकी १,५०० होतो. घराचं व्याज आणि स्टेट टॅक्स वगैरे खर्च एकाने आयटमाइझ केले, म्हणजे एकेक मांडून वजा केले, तर दुसऱ्याचं स्टँडर्ड डिडक्शन शून्य होतं, त्यालाही आयटमाइझच करावं लागतं. दोघांपैकी एकाच्याच नावावर घराचं कर्ज असेल तर इथे मोठा फटका बसतो.

रॉथ आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्याची अट सगळ्यात कडक आहे. जॉइंट भरणाऱ्यांना २,३६,००० डॉलर उत्पन्नापर्यंत पूर्ण रक्कम भरता येते, एकत्र राहून सेपरेट भरणाऱ्याची मर्यादा मात्र शून्यापासूनच घसरू लागते आणि १०,००० डॉलरला संपते. म्हणजे चांगला पगार असणाऱ्या कोणालाही ते दार बंद. याच्याच बरोबर एक गोष्ट एच-फोरवरच्या जोडीदारांनी लक्षात ठेवावी: जॉइंट रिटर्न असेल तर स्वतःची कमाई नसतानाही दुसऱ्याच्या पगाराच्या जोरावर तुमच्या नावाने आयआरए उघडता येतो आणि त्यात ७,००० डॉलरपर्यंत भरता येतात. वर्षानुवर्षं कामाची परवानगी नसलेल्या बायकांसाठी हा स्वतःच्या नावाचा म्हातारपणीचा पैसा आहे. माझ्या मते जॉइंट रिटर्नचा हा सर्वांत दुर्लक्षित फायदा आहे.

मुलांच्या क्रेडिटची रक्कम दर मुलामागे २,२०० डॉलर. जॉइंटमध्ये ती ४,००,००० डॉलर उत्पन्नानंतर कमी होऊ लागते, सेपरेटमध्ये २,००,००० नंतर. यासाठी मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर हवा, आणि २०२५ पासून जॉइंट रिटर्नवर दोघांपैकी निदान एकाकडे तो असावा लागतो. एच-फोरवर इथे राहणाऱ्या, सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी आयटिन हा करदात्याचा नंबर असलेल्या मुलासाठी हे क्रेडिट मिळत नाही, ५०० डॉलरचं दुसरं मिळतं.

मग सेपरेट कधी भरावं? एकाचं उत्पन्न कमी आणि वैद्यकीय खर्च अवाढव्य असेल तर, कारण उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांवरचाच खर्च वजा होतो आणि एकट्याच्या उत्पन्नावर ती पातळी खाली येते. पण दुसऱ्यालाही आयटमाइझ करावं लागत असल्यामुळे बरेचदा हा फायदा धुऊन निघतो, आकडे मांडल्याशिवाय त्यावर विसंबू नका. जोडीदारापैकी एकावर फेडरल स्टुडंट लोन असेल आणि हप्ता उत्पन्नावर ठरत असेल, तर सेपरेट भरून हप्ता एकट्याच्या पगारावर धरला जाऊ शकतो. तिथे वाचलेले हप्ते आणि वाढलेला टॅक्स समोरासमोर ठेवावे. आणि जोडीदाराच्या धंद्याचे हिशेब तुम्हाला दाखवले जात नसतील, तर थोडा जास्त टॅक्स देऊनही सेपरेटच भरावं. त्याची कारणं पुढे येतीलच.

एक बारकावा: रेसिडेंट असलेल्या विवाहित व्यक्तीचं स्टेटस सेपरेट असेल, तर केवळ ५ डॉलर उत्पन्नालाही रिटर्न भरणं बंधनकारक ठरतं. ‘बायकोचं काहीच उत्पन्न नाही’ म्हणून तिचं रिटर्न सोडून देण्याआधी तिच्या नावावरच्या बँकेतलं व्याज पाहा, भारतातलंही.

सहावी पायरी: जोडीदार भारतात असेल किंवा वर्षाच्या मधे आला असेल

नवरा अमेरिकेत रेसिडेंट, बायको अजून पुण्यात नोकरी करते. या दोघांना जॉइंट भरायचं असेल तर तिला वर्षभर रेसिडेंट धरावं अशी निवड करता येते. आयआरसीच्या (अमेरिकेच्या करकायद्याच्या) कलम ६०१३(जी) खाली दोघांच्या सह्यांचं एक साधं निवेदन रिटर्नला जोडायचं: एक जण वर्षाच्या शेवटी रेसिडेंट होता, दुसरा नॉनरेसिडेंट, आणि दोघांनाही वर्षभर रेसिडेंट धरावं असं आम्ही निवडत आहोत. दोघांची नावं, पत्ते आणि नंबर त्यात असावेत.

याची किंमत अशी की दोघांचंही जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये येतं. इथेच लोक घाबरून सेपरेट भरतात. घाबरण्याआधी हिशेब करा. समजा त्याचा पगार ९५,००० डॉलर, तिचा भारतातला पगार ३०,००० डॉलरइतका आणि तिने भारतात ४,००० डॉलरइतका आयकर भरला आहे. त्याने एकट्याने सेपरेट भरलं तर टॅक्स १२,३४९ डॉलर. जॉइंट भरलं तर करपात्र ९३,५०० आणि टॅक्स १०,७४३. शिवाय भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट फॉर्म १११६ ने मिळतं. मर्यादेच्या सूत्राने ते इथे २,५७८ डॉलर येतं. प्रत्यक्ष टॅक्स राहतो ८,१६५. तिचा पगार दाखवूनही ४,१८४ डॉलर वाचले.

चित्र पालटतं ते भारतात कर न लागलेल्या उत्पन्नाने. तिच्या नावावर नाशिककडे द्राक्षबाग किंवा सांगलीकडे ऊस असेल तर शेतीच्या उत्पन्नावर भारतात आयकर नाही, पण अमेरिकेच्या रिटर्नमध्ये ते करपात्र आहे, आणि भारतात कर भरलेला नसल्यामुळे त्यावर क्रेडिटही नाही. एनआरई खात्यावरचं आणि पीपीएफमधलं व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत नाही. भारतीय म्युच्युअल फंडांना अमेरिका परकीय गुंतवणूक कंपनी समजते आणि त्यासाठी किचकट फॉर्म ८६२१ लागतो. ज्या वर्षी तिने भारतात फ्लॅट विकला आहे त्या वर्षी ही निवड करण्याआधी दोनदा विचार करावा.

निवड एकदा केली की पुढच्या वर्षांनाही लागू राहते. मोडता येते, पण एकदा मोडल्यावर ते दोघं एकमेकांबरोबर किंवा पुढे दुसऱ्या कोणाशी लग्न करूनही ती पुन्हा कधीच करू शकत नाहीत. म्हणून एखाद्या वर्षाच्या सोयीसाठी ती वापरू नये.

दोघंही त्याच वर्षी आले असतील तर वेगळी वाट आहे. समजा १ सप्टेंबर २०२५ ला एच-वन-बी आणि एच-फोरवर तुम्ही उतरलात. वर्षाअखेरपर्यंत १२२ दिवस भरतात, १८३ नाहीत, म्हणून तुम्ही नॉनरेसिडेंट. नॉनरेसिडेंटला जॉइंट नाही आणि साधारणपणे स्टँडर्ड डिडक्शनही नाही (शिक्षणासाठी आलेल्या भारतीयांना करारामुळे त्यात सूट आहे). अशा वेळी ‘फर्स्ट-इयर चॉइस’ घेऊन वर्षअखेरीस रेसिडेंट ठरता येतं आणि त्याला कलम ६०१३(एच) ची निवड जोडून पूर्ण वर्षाचं जॉइंट रिटर्न भरता येतं. अट अशी की २०२६ मध्ये तुम्ही १८३ ची कसोटी पार केलेली हवी. या उदाहरणात तो दिवस मे महिन्याच्या शेवटाकडे येतो, म्हणजे १५ एप्रिलनंतर. म्हणून १५ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ भरून मुदत वाढवून घ्यायची आणि दिवस भरल्यावर रिटर्न पाठवायचं. मुदतवाढ कागद भरण्याला मिळते, पैसे भरण्याला नाही, अंदाजे टॅक्स एप्रिलमध्येच भरून ठेवा. आणि जानेवारी ते ऑगस्टचा भारतातला पगार या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो हे विसरू नका.

भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे फॉर्म १६ जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकांचे जानेवारी-डिसेंबरचे उतारे आणि फॉर्म २६एएस मधल्या टीडीएसच्या तारखा, एवढं जानेवारीतच गोळा करायला घ्या. गावच्या सहकारी बँकेतून उतारा यायला वेळ लागतो.

सातवी पायरी: आयटिन आणि नाव

जॉइंट रिटर्नवर दोघांचे नंबर लागतात. एच-फोरवर कामाची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, त्याऐवजी आयटिन घ्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म डब्ल्यू-७ रिटर्नलाच जोडून कागदी स्वरूपात आयआरएसच्या ऑस्टिन, टेक्सास इथल्या आयटिन विभागाकडे पाठवतात. सोबत मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या खात्याने प्रमाणित केलेली प्रत लागते, नोटरीची झेरॉक्स चालत नाही. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायला जीव धजत नसेल, तर आयआरएसचा मान्यताप्राप्त एजंट किंवा ठरावीक टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटर गाठा, तिथे पासपोर्ट तपासून लगेच परत मिळतो. उन्हाळ्यात भारतात जायचं असेल तर हाच मार्ग घ्या. नंबर यायला साधारण सात आठवडे, गर्दीच्या मोसमात नऊ ते अकरा. लागोपाठ तीन वर्षं फेडरल रिटर्नवर वापरला नाही तर आयटिन बाद होतो.

नंबर वेळेत होत नसेल तर मुदतवाढ घ्या. किंवा नॉनरेसिडेंट जोडीदाराच्या नंबरच्या जागी ‘एनआरए’ लिहून आधी सेपरेट भरा आणि नंतर दुरुस्त करून जॉइंट करा.

लग्नानंतर आडनाव बदललं असेल, आणि आपल्याकडे तर मधलं नावही बदलतं, तर रिटर्नवर तेच नाव लिहा जे सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे. आधी कार्ड बदलायचं, मग रिटर्नवर नवं नाव वापरायचं. नाव आणि नंबर जुळले नाहीत तर ई-फाइल परत येतं आणि रिफंड अडकतो.

आठवी पायरी: तुमचं राज्य कोणतं?

कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, ॲरिझोना, नेवाडा, आयडाहो, न्यू मेक्सिको, लुइझियाना आणि विस्कॉन्सिन या नऊ राज्यांत लग्नानंतरची कमाई दोघांची समाईक मानली जाते. इथे सेपरेट भरलं तरी ‘माझा पगार माझ्या रिटर्नमध्ये’ असं करता येत नाही. समाईक उत्पन्नाचा अर्धा-अर्धा वाटा दोघांनी दाखवायचा आणि फॉर्म ८९५८ जोडायचा. बे एरिया, ऑस्टिन, डॅलस, सिॲटल इथे आपली मंडळी एवढी असूनही हा नियम फार थोड्यांना माहीत असतो. (जोडीदार नॉनरेसिडेंट असेल तर पगाराची अशी वाटणी होत नाही, ज्याचा पगार त्याचाच धरतात.)

गोव्याच्या वाचकांना हे परकं वाटणार नाही. पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या पती-पत्नींचं घरभाडं, व्याज, धंदा, भांडवली नफा हे उत्पन्न भारतीय आयकरातही दोघांत निम्मं वाटलं जातं, फक्त पगार ज्याचा त्याच्याकडे राहतो. अमेरिकेच्या या राज्यांत पगारही वाटला जातो. जॉइंट रिटर्नचा आजचा फायदाही याच भांडणातून आला. १९३० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ही वाटणी मान्य केली, मग इतर राज्यांतल्या जोडप्यांना तोच पगार असून जास्त कर पडू लागला, आणि १९४८ मध्ये काँग्रेसने सगळ्या देशातल्या जोडप्यांना जॉइंट रिटर्नमध्ये उत्पन्न वाटून धरण्याची सोय दिली.

नववी पायरी: सही करण्याआधी

जॉइंट रिटर्नवर सही केली की त्या वर्षाच्या पूर्ण टॅक्सला, व्याजाला आणि दंडाला दोघंही वेगवेगळे आणि पूर्णपणे जबाबदार. अर्धा-अर्धा नाही. त्याने धंद्यातलं रोख उत्पन्न लपवलं तर आयआरएस तिच्या पगारातून पूर्ण वसुली करू शकते. घटस्फोटाच्या हुकुमात ‘जुना टॅक्स नवरा भरेल’ असं लिहिलं असलं तरी ते आयआरएसवर बंधनकारक नाही. फॉर्म ८८५७ भरून निर्दोष जोडीदार म्हणून सुटका मागता येते, पण तुम्हाला माहीत नव्हतं आणि माहीत असण्यासारखंही नव्हतं, हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. जोडीदाराच्या जुन्या कर्जापोटी तुमचा रिफंड अडला असेल तर मार्ग निराळा, फॉर्म ८३७९.

आपल्या घरांत टॅक्सचं काम बहुधा एकजणच करतो आणि दुसरी व्यक्ती फॉर्म ८८७९ वर (ई-फाइलला संमती देणारा फॉर्म) दाखवलेल्या जागी सही करते. हे मला मनापासून पटत नाही. तुम्ही कमवत नसाल तरी एक संध्याकाळ काढा आणि रिटर्न वाचा. एकूण उत्पन्नाची ओळ पाहा, परदेशी खात्यांचा प्रश्न ‘हो’ म्हणून उत्तरलाय का पाहा, रिफंड कोणत्या खात्यात जातोय ते पाहा. समजलं नाही ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत सही थांबवा. प्रत तुमच्या स्वतःच्या ईमेलवरही घ्या.

परदेशी खात्यांचा फायलिंग स्टेटसशी संबंध नाही, हे इथेच सांगते. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली तर एफबार (परदेशी खात्यांचा अहवाल) भरावाच लागतो, आणि तो माणशी असतो. आईबरोबर जॉइंट असलेलं तुमचं जुनं खातंही त्यात मोजलं जातं. परदेशी मालमत्तेच्या फॉर्म ८९३८ ची मर्यादा मात्र स्टेटसवर बदलते: अमेरिकेत राहणाऱ्या जॉइंटवाल्यांना वर्षाअखेर १,००,००० डॉलर, सेपरेटवाल्यांना ५०,०००.

दहावी पायरी: तारखा, दुरुस्ती आणि पुढचं वर्ष

सेपरेट भरून झाल्यावर जॉइंटकडे वळायला मूळ मुदतीपासून तीन वर्षं मिळतात, फॉर्म १०४०-एक्स भरायचा. उलट प्रवास मात्र १५ एप्रिल उलटल्यावर बंद. एकदा जॉइंट भरलं आणि मुदत गेली की त्या वर्षासाठी वेगळं होता येत नाही. म्हणून मनात खरीच शंका असेल, नातं ताणलेलं असेल, जोडीदाराचे कागद मिळत नसतील, तर आधी सेपरेट भरा. शंका फिटल्यावर जॉइंट करता येईल.

रिटर्न गेल्यावर दोघांनीही नोकरीच्या ठिकाणी डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते ठरवणारा फॉर्म) नव्याने भरा. दोघं कमावते असाल आणि दोघांनीही नुसतं ‘जॉइंट’ निवडलं, तर प्रत्येक कंपनी पूर्ण ३१,५०० ची वजावट धरून टॅक्स कापते आणि एप्रिलमध्ये मोठी रक्कम भरावी लागते. पगार साधारण सारखे असतील तर दुसऱ्या टप्प्यातल्या दोन नोकऱ्यांच्या चौकोनावर दोघांनीही खूण करा. दोघांचे पगार प्रत्येकी १,८०,००० असतील तर आणखी एक भर: जॉइंटमध्ये २,५०,००० वरच्या पगारावर ०.९ टक्के जादा मेडिकेअर टॅक्स लागतो, पण कंपनी तो एकट्याचा पगार २,००,००० ओलांडल्यावरच कापते. इथे तो कोणीच कापत नाही आणि ९९० डॉलर अंगावर येतात. डब्ल्यू-४ च्या जादा कपातीच्या ओळीत दर पगारामागे थोडी रक्कम लिहून ठेवा. २०२६ साठी स्टँडर्ड डिडक्शन जॉइंटला ३२,२०० आणि सेपरेटला १६,१०० झालं आहे, नवा हिशेब त्याच आकड्यांवर मांडा.